थांबायचं सामान

माझ्या मालकीचं वाहन एकच, आणि ते म्हणजे सायकल. तिचे ब्रेक म्हणजे रबराचे चार तुकडे. झिजले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणायचे आणि पाना घेऊन अंगणात बसायचं; दहा मिनिटांचं काम. असा मी यंदाच्या श्रावणात सलग आठ दिवस एका मोटारीच्या ब्रेक पॅडांचा अभ्यास करीत होतो, हे ऐकलं तर माझ्या वर्गातली मुलंसुद्धा हसतील. आमच्या घरात तर हसणं झालंच. "नव्या कादंबरीत मोटार येणार वाटतं!" असं म्हणत सौभाग्यवतींनी माझ्यासमोर चहा ठेवला. पण कादंबरीत मोटार येणार नव्हती. मोटारीतून अक्का येणार की नाही, असा तो प्रश्न होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पाचगणीला दिली आहे, आम्ही वाईला; मधे पसरणीचा घाट. तिचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, पुण्याला नोकरीला असतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक वापरलेली मोटार विकत घेतली. तिचं नाव सांगत नाही. उगाच जाहिरात व्हायची. दिसायला चारचौघींसारखी, पण पोटात दोनशेहून अधिक घोडे. पहिल्यांदा दारात आणली तेव्हा तो मला म्हणाला, "मामा, शून्यापासून शंभरापर्यंत सात सेकंदांत जाते!"

मी विचारलं, "आणि शंभरापासून शून्यापर्यंत?"

तो हसला. खरं सांगायचं तर मीही विनोदानंच विचारलं होतं.

त्या विनोदाचं उत्तर गेल्या वैशाखात मिळालं. अक्काला घेऊन तो घाट उतरत होता. गाडी आपोआप गिअर बदलणारी. त्यामुळे याचा पाय सारखा ब्रेकवर. निम्मा घाट उतरल्यावर करपट वास येऊ लागला. पुढच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, तर पाय दगडावर ठेवल्यासारखा घट्ट, आणि गाडी मात्र हवी तशी मंदावेना. पोरगं हुशार म्हणून बचावलं. त्यानं हातानं खालचा गिअर टाकला, गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि कशीबशी थांबवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. अक्का उतरली, तिनं पदर सारखा केला, हात दाखवून मागून येणारी एस.टी. थांबवली आणि आमच्याकडे आली. ओट्यावर बसल्यावर अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती त्या गाडीत बसलीच नाही.

भाच्यानं पुष्कळ विनवलं. शेवटी अक्का म्हणाली, "मामाला विचार. मामा म्हणाला बस, तर बसेन."

"मामांना गाडीतलं काय कळतं?"

"काही कळत नाही, म्हणूनच तो उगाच कौतुक करणार नाही."

आता सांगा, असा विश्वास टाकल्यावर माणसानं काय करावं? वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. घराची गाडी त्या वेळी अशीच उताराला लागली होती. अक्कानं आपलं लग्न दोन वर्षं पुढं ढकललं, शिवणाचं यंत्र चालवलं आणि मला परीक्षेला बसवलं. पुढं मी शिकलो नाही, हा माझा दोष; पण इथवर आलो तो तिच्यामुळं. तिच्या जिवाची जबाबदारी माझ्या एका 'बस' वर आली होती. तो शब्द उच्चारण्याआधी ब्रेक म्हणजे काय हे कळून घेणं भागच होतं.

विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकच्या पेपराबरोबर संपला. पण त्यातलं एक सूत्र डोक्यात राहिलं आहे: वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते. मी वहीत गणित मांडलं. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं जात असेल आणि तिला एकदा पुरतं थांबवायचं असेल, तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता उत्पन्न होते, तेवढीवर पावणेदोन लिटर पाणी उकळेल. ५० च्या वेगाला त्याच्या चौथा हिस्सा. हे झालं सपाटीवर. पाचगणी वाईपेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंच आहे. निव्वळ ब्रेकवर पाय ठेवून तो घाट उतरायचा, तर हवेनं आणि रस्त्यानं खाल्लेली उष्णता वजा करूनही वीसेक लिटर पाणी उकळेल. म्हणजे चांगला बंबभर! आणि ही सगळी उष्णता सोसायची कुणी? तळहाताएवढ्या पॅडांनी आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या लोखंडी डिस्कनी. त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा. मला त्या पॅडांची कीवच आली.

एका रविवारी मामा-भाचे साताऱ्याला एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक काढून जुने पॅड माझ्या हातात दिले. वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला होता, कडा भुसभुशीत. आधीच्या मालकानं कुठले तरी स्वस्त पॅड घातले होते. पाठीवर ना नाव ना अक्षर. मेस्त्री म्हणाले, "मास्तर, पॅडात तंतू, भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारी राळ असते. सोसवेल त्यापेक्षा तापलं की राळ जळते, वायू सुटतो, आणि पॅड डिस्कला धरायचं सोडून तिच्यावरून घसरायला लागतो. म्हणून पाय घट्ट लागला, पण गाडी थांबेना. पाय भुसकन खाली गेला असता, तर ते दुसरं दुखणं. तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं."

ते ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आमच्या पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखं. डॉट ४ जातीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम. ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. भाचेबुवांनी ते एकदाही बदललेलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

मग नव्या पॅडांची निवड सुरू झाली. साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. एक जात राळ आणि तंतूंची: मऊ, मुकाट, पण लवकर दमणारी. दुसरीत पोलाद आणि लोखंड मिसळलेलं: उष्णता सोसते, पकडही चांगली, पण कुरकुरते आणि डिस्क झिजवते. तिसरी सिरॅमिक: आवाज कमी, चाकावर काळी धूळ कमी, किंमत मात्र जास्त. आणि चौथे, भाच्याच्या मनात आधीच भरलेले, शर्यतीच्या गाड्यांचे पॅड.

"मामा, शर्यत ब्रेकवरच जिंकतात," तो म्हणाला. "१९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारची सी-टाइप पहिली आली, ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. बाकीच्यांना वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक लावावा लागे."

गोष्ट खरी होती. मीही थोडा भारावलो. उत्तमातलं उत्तम घ्यावं, आणि अक्काला छातीवर हात ठेवून सांगावं, असं मलाही वाटलं. पण मेस्त्रींनी डोळे मिचकावून विचारलं, "सकाळी घरातून निघाल्यावर पहिला ब्रेक कुठं लागतो तुमचा?"

"गल्लीच्या तोंडाशी," भाचा म्हणाला. "शाळेची मुलं असतात."

"मग हे नकोत. हे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. शर्यतीत आधी गाडी फिरवून तापवून घेतात. तुमच्या गल्लीत ते थंडच असणार. पॅड गाडीकडं बघून घ्यायचा नसतो, रस्त्याकडं बघून घ्यायचा."

मी एकदम गप्प झालो. मी नवा मास्तर होतो तेव्हा अगदी असाच होतो. माझा राग चढला की सगळा वर्ग चिडीचूप. पण रोजच्या शांत सकाळी माझ्या शब्दाला काही पकड नसे. मुलांना आवरायचं तर मला आधी तापावं लागे. काही माणसं तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि काही तापली की धरलेलं सोडतात. थंड असताना आणि तापल्यावर सारखीच धरणारी माणसं थोडी. मला त्यातलं एक ठाऊक होतं, आणि ते पाचगणीला एस.टी.ची वाट पाहत होतं.

मेस्त्रींनी मग एका पॅडाच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं दाखवली. पहिलं अक्षर साधारण उष्णतेतल्या घर्षणाचं, दुसरं पुष्कळ तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. मास्तराला गुणपत्रिका बरोबर कळते! मी म्हटलं, "दोन्ही विषयांत सारखे गुण असलेला द्या." आम्ही रस्त्यासाठीच बनवलेले, पण जास्त उष्णता सोसणारे पॅड घेतले, अक्षरं 'एफ एफ'. वर युरोपातल्या आर-९० नियमाचा शिक्का होता. बदली पॅडाची पकड मूळ पॅडापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक इकडंतिकडं होता कामा नये, असा तो नियम. डिस्क मोजून घेतल्या. किमान जाडी त्यांच्यावरच कोरलेली असते. ब्रेक ऑइल नवं भरलं.

तरी काम संपलं नव्हतं. नवा पॅड आणि डिस्क यांची आधी ओळख व्हावी लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. साठाच्या वेगावरून पंधरावर यायचं, पुरतं थांबायचं नाही, पुन्हा साठ. असं दहा वेळा. मग ब्रेक न लावता गाडी निवू द्यायची. एवढ्यानं पॅडाचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. दहाव्या वेळेला मला मळमळत होतं, पण अक्काला द्यायचा शब्द तयार झाला होता. एक अट मात्र घातली: घाट उतरताना खालचा गिअर. बंबभर उष्णतेतला मोठा वाटा इंजिनानं सोसायचा. ब्रेक राखून ठेवायचा.

त्या आठवड्यात मी कुठं तरी वाचलेली एक हकीकत मला पुन्हा आठवली. मोटारीची जगातली पहिली लांबची सफर १८८८ च्या ऑगस्टात झाली. बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं एका मोच्याकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं अस्तर ते हेच. आणि ती निघाली होती कुठं? आईला भेटायला, माहेरी!

भाद्रपदात गौरीच्या आदल्या दिवशी मी मुराळी होऊन पाचगणीला गेलो. अक्का ओसरीवर पिशवी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अक्का, बस."

ती बसली. घाट सुरू झाला. भाच्यानं खालचा गिअर टाकला. इंजिन गुरगुरत राहिलं. अक्काचा हात पुढच्या आसनावर घट्ट होता. डोंगराच्या अंगाला सगळीकडं तेरडा फुलला होता. एका रुंद वळणाच्या अलीकडं ती एकदम म्हणाली, "बाळ, जरा थांबव. गौरीला तेरडा घेऊ."

घाटातला तो पहिलाच ब्रेक. पॅड थंडच होते. गाडी पाण्यात ठेवलेल्या होडीसारखी हळूच उभी राहिली. ना वास, ना आवाज. अक्का उतरली, ओंजळभर तेरडा घेऊन परत आली आणि या खेपेला पुढं बसली. मागं एस.टी. येत होती. तिनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

आता भाऊबीजेला ती पुन्हा यायची आहे. तुमच्याकडंही नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटेल. पाणी उकळू लागलं की क्षणभर त्या तळहाताएवढ्या पॅडांची आठवण करा. आणि दिवाळीला घाट उतरून कुणी माहेरी येणार असेल, तर गाडीच्या मालकाला एकदा विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?