गवंड्याचा रोज

बाथरूमच्या फरश्या बदलायला काढल्यात. गवंड्याचा रोज १,००० रुपये, हाताखालच्याचे वेगळे. गुत्त्यानेही देता आलं असतं, पण गुत्त्यात घाई होते. फरशीचा उतार चुकला की पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं आणि भिंतीत मुरतं. म्हणून रोजानेच दिलं.

मावशीचा फोन आला. "आठ तासांचे हजार? म्हणजे तासाला सव्वाशे! घासाघीस नाही केलीस?"

हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच. नाक्यावर उभं राहून रिकाम्या हाताने परत जावं लागतं ते दिवस त्यात कुठे आहेत? गवंडी सांगत होता, महिन्यात साधारण १८ दिवस काम मिळतं, पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणजे १८,००० रुपये. त्यातच थापी, ओळंबा, पेट्रोल. आमची मावशी निवृत्त शिक्षिका. तिला मे महिन्याच्या सुट्टीचाही पगार मिळायचा!

"अगं, कमीतही तयार झाला असता," मावशी म्हणाली. झाला असता. पण दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली म्हटलं होतं, की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा वेठबिगारीच. इथला रोज काही तेवढा खाली नाही, पण 'तयार झाला' म्हणून दर रास्त ठरत नाही, एवढं मात्र त्यातून कळतं.

असो. काम संपलं की बादलीभर पाणी ओतून उतार बघणार आहे. घासाघीस करायचीच तर ती तिथे!