आडवाटेचे शिरस्त्राण

वेल्हे आणि भोर या परिसरांतील डोंगरउतारांवर, जेथे डांबरी सडक संपून बैलगाडीची चाकोरी लागते आणि पुढे चाकोरीही संपून केवळ ओढ्याचे कोरडे पात्र उरते, तेथे मोटारसायकल चालवण्याचा छंद मला प्रौढ वयात जडला. आणि या छंदापायी पुष्कळ विचार करून जी पहिली खरेदी मी केली, ती आडवाटेला साजेशा शिरस्त्राणाची होय. शहरातील रहदारीत वापरण्याचे, समोरून काचेने मिटणारे हेल्मेट माझ्यापाशी होते आणि त्याच्या दर्जाविषयी माझी काही तक्रार नव्हती. परंतु डोंगरात स्वार बहुधा बसलेला नसतोच. फूटरेस्टवर उभा राहून, गुडघ्यांनी टाकी आवळून, तो गाडीला दगडागोट्यांतून स्वतःच्या अंगबळावर पुढे काढीत असतो, वेग पायी चालणाऱ्याहून फारसा अधिक नसतो, आणि छाती मात्र घाट चढणाऱ्या हमालासारखी धपापत असते. बंद काचेआड हा श्वास कोंडतो, काच धुरकटते, आणि नेमक्या अवघड वळणावर वाट दिसेनाशी होते.

आडवाटेच्या हेल्मेटची हनुवटी पुढे काढलेली असते ती याचसाठी, की तोंड आणि कवच यांमध्ये हवा खेळती राहावी. काचेच्या जागी रुंद पट्ट्याचा गॉगल येतो. कपाळावरचा लांब छज्जा उन्हाची तिरीप अडवतो आणि पुढच्या गाडीच्या चाकाने भिरकावलेली खडी, मान किंचित झुकवताच, स्वतःवर झेलतो. हाच छज्जा महामार्गाच्या वेगात वारा धरून मानेला ओढ देतो. सबब ज्याला दिवसभर हमरस्ता कापून मग डोंगर गाठावयाचा आहे, त्याने छज्जा आणि काच दोन्ही असलेला ‘ड्युअल स्पोर्ट’ प्रकार पाहावा. माझी धाव जवळची, म्हणून मी निखळ आडवाटेचाच प्रकार पत्करला.

निवडीपूर्वी मी या वस्तूचा थोडा इतिहास वाचला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगास ठाऊक असलेले टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याच्या इजेने काही दिवसांतच मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यविशारद होते. त्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या केर्न्स यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या मस्तकाघातांचा चिकाटीने अभ्यास केला, 1941 साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राणाची सक्ती केली. एका वैद्याने एका मृत्यूचा ध्यास घेतला आणि असंख्य अनोळखी माणसांची मस्तके वाचली, या घटनेविषयी माझ्या मनात निरतिशय आदर आहे.

ग्राहकाची नजर बाहेरच्या कवचावर आणि त्यावरील चित्रांवर खिळते; प्राण मात्र राखतो तो आतला थर, ज्याला आपण थर्मोकोल म्हणतो. कवच आघात पसरवते आणि अणकुचीदार दगड आत शिरू देत नाही. थर्मोकोल चेचला जातो, आणि त्या चेचले जाण्यात मस्तकाला थांबावयास क्षणाचा एक सूक्ष्म अंश अधिक मिळतो. एकदा दबलेला हा थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जबर आपटलेले हेल्मेट बाहेरून निर्दोष दिसले तरी ते बाद समजावे, आणि कोणी वापरलेले स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दर्जाची खातरजमा करण्यास शिक्के वाचता आले पाहिजेत. आपल्याकडे 1 जून 2021 पासून दुचाकीच्या हेल्मेटला भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे आहे. आयएसआय चिन्हाजवळ आयएस 4151 हा मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल या अक्षरांनी आरंभ होणारा परवाना क्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या मोबाईल अ‍ॅपवर तो पडताळता येतो. युरोपीय ‘ईसीई’ प्रमाणनाच्या 22.06 या सुधारित आवृत्तीत तिरप्या आघाताची चाचणी आली, ही मला मोठी गोष्ट वाटते. कारण पडणारा स्वार सरळ रेषेत क्वचितच आदळतो, आणि मस्तकाला बसलेला पीळ मेंदूला फार घातक ठरतो.

मग मी पुण्याच्या नाना पेठेतील दुकानात गेलो. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फीत फिरवून दुकानदाराने माप घेतले. परंतु माप म्हणजे केवळ घेर, आणि डोक्याला घेराखेरीज आकारही असतो. माझे डोके मागेपुढे लांबट आहे; त्यामुळे मापाने चोख बसणारे एक देखणे हेल्मेट काही मिनिटांतच कपाळाच्या मध्यावर रुतू लागले. लांबट घडणीचे दुसरे घातले, तेव्हा गाल चांगलेच दाबले गेले.

“घट्ट वाटतंय ना साहेब? तेच बरोबर आहे. गालाचा फोम वापरानं बसतो; आत्ता सैल घेतलंत तर महिन्यानं डोक्यावर फिरायला लागेल.”

त्यांचे म्हणणे खरे होते. हेल्मेट डावीउजवीकडे हलवले की कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे; पट्टा आवळून मागच्या कडेने पुढे ओढले तरी ते निघता कामा नये. पट्ट्याला दुहेरी कडीच मी मागितली. दोन कड्यांतून पट्टा घालून एकीतून परत ओढावयाचा, एवढीच ती योजना, आणि तीत बिघडावयास काही नाही. चष्मा असल्यामुळे चष्म्यावरून बसणारा गॉगल सोबत घालून पाहिला, तो कवचाच्या खाचेत चहूबाजूंनी टेकतो याची खात्री केली, आणि दुकानदाराने न कंटाळता दिलेल्या खुर्चीत बराच वेळ तसाच बसून राहिलो. कोठेही रुतले नाही. मग पैसे दिले.

या हेल्मेटच्या गालगाद्यांना खाली लाल फिती आहेत. स्वार निपचित पडला असता मदतनिसाने त्या ओढाव्यात, गाद्या निघतात आणि मान फारशी न हलवता हेल्मेट सोडवता येते. डोंगरात वैद्यकीय मदत दूर असते. म्हणून पुढच्या फेरीपूर्वी मी माझ्या सगळ्या सोबत्यांना अंगणात जमवले, स्वतः जमिनीवर उताणा पडलो, आणि प्रत्येकाकडून त्या फिती ओढवून घेतल्या.