कड्या आणि दुधाचं पातेलं

मुलुंडला दुपारची धीमी लोकल पकडली की बसायला जागा मिळते. मी स्केचबुक काढून डोक्यावरच्या कड्या रेखाटत बसतो. गाडीने वेग घेतला की साऱ्या कड्या मागे कलतात, ब्रेक लागला की पुढे. इतकी वर्षं ज्यांना लटकून प्रवास केला, त्या कड्या एका दुपारी नाहूर यायच्या आत अनोळखी वाटू लागल्या. तेवढ्यावरून चित्र करायला घेतलं.

पहिला प्रयत्न फसला. चित्रात घरच्या ओट्यावर कड्यांची रांग टांगली आणि एकेका कडीचा फास केला. दालीच्या १९३१ सालच्या चित्रातली वितळती घड्याळं मनात घर करून होती. चित्र भेसूर झालं, पण अद्भुत काही झालं नाही. फास म्हणजे मरण, हे कुणालाही कळतं. पाहणाऱ्याला शोधायला मी काही ठेवलंच नव्हतं.

मग रेने माग्रीतचं १९३८ सालचं चित्र पुन्हा पाहिलं. दिवाणखान्यातल्या शेकोटीतून आगगाडीचं इंजिन बाहेर आलं आहे. इंजिन जसंच्या तसं, शेकोटीवरचं घड्याळही जसंच्या तसं. आणि इंजिनाचा धूर निमूटपणे शेकोटीच्या धुराड्यात वर जातो! आगंतुक पाहुण्याने घराचा एक नियम पाळला आहे, म्हणून तो खरा वाटतो. अतिवास्तववादी चित्राचं मर्म मला त्या धुरात सापडलं.

आपल्याकडे प्रभाकर बरवे यांनी वस्तूंकडे असंच निरखून पाहिलं, पण स्वतःच्या वाटेने. त्यांच्यावर कुठल्याही वादाचा शिक्का मारावासा मला वाटत नाही. पान, घड्याळ, फळ या साध्या वस्तू ते एनॅमल रंगात, नितळ सपाट पृष्ठभागावर मांडत आणि त्यांच्यामधली जागा मोकळी सोडत. २०१९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन पाहताना माझी नजर त्या मोकळ्या जागांतच रेंगाळत होती. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आजही माझ्या रंगांशेजारी असतं.

दुसऱ्यांदा मी फास पुसले. कड्या होत्या तशा रंगवल्या: हातांनी गुळगुळीत झालेल्या, कुठे कुठे चरे पडलेल्या. खिडकीतला उजेड ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्यावर ज्या बाजूने पडत होता, त्याच बाजूने कड्यांवर घेतला. त्यांच्या सावल्या ओट्यामागच्या टाइल्सवर पाडल्या; सांध्यापाशी सावली किंचित मोडते, तीही मोडली. सावली चुकली असती तर कड्या वरून चिकटवल्यासारख्या दिसल्या असत्या. बदल एकच केला. सगळ्या कड्या एका बाजूला कललेल्या, जणू ब्रेक नुकताच लागला आहे. खाली पातेल्यातलं दूध मात्र सपाट, स्थिर.

चित्र वाळत असताना आई चहा घेऊन आली. बराच वेळ पाहत राहिली.

“अरे, हे दूध हलत कसं नाही?” तिने विचारलं.

कड्यांबद्दल ती काहीच बोलली नाही. आपल्या स्वयंपाकघरात गाडीच्या कड्या असणं तिने मान्य करून टाकलं होतं. जन्मभर तापवलेलं दूध मात्र तिला पहिल्यांदा परकं वाटत होतं.