हात चोळणाऱ्या मुली



मूल जरा वेगळं वाढायला लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न आईलाच. दिवस राहिले होते तेव्हा काय खाल्लंस? ग्रहणात बाहेर गेली होतीस का? कुठे पडली-बिडली होतीस का? आणि हे सगळं विचारून झालं की शेवटी एक उसासा, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार हो." बस्तीत लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला हे ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं आहे. ती आई म्हणजे माझी धाकटी जाऊ.

तिची लेक दीड वर्षाची होईपर्यंत अगदी चारचौघींसारखी होती. आई, दादा, पाणी एवढं बोलायची. वाटीतले चुरमुरे चिमटीने एकेक उचलून खायची. मग शब्द गेले. पाठोपाठ ती चिमूटही गेली. हातात काही धरेना, आणि दोन्ही हात छातीशी आणून सारखे चोळायला लागली, ओलं फडकं पिळावं तसे. एक डॉक्टर म्हणाले ऑटिझम, दुसरे म्हणाले सेरेब्रल पाल्सी, तिसऱ्यांनी पाच वर्षांपर्यंत वाट बघायला सांगितलं. ती चार वर्षांची असताना पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातांकडे बराच वेळ बघितलं आणि रक्ताची एक जनुकीय तपासणी लिहून दिली. रिपोर्टमध्ये लिहून आलं, रेट सिंड्रोम.

नाव कळलं म्हणून आजार बरा होत नाही. तरी नाव कळल्यावर घरातली हवा बदलते, हे मी बघितलं. त्यामुळेच ते नाव नि त्यामागचं कारण ज्यांनी शोधलं त्यांच्याबद्दल वाचत गेले, आणि त्यात एका बाईंपाशी अडकले. त्यांचं नाव हुदा झोग्बी. मी आपली त्यांना हुदाबाईच म्हणते.

आधी त्या नावाची गोष्ट. १९५४ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना आपल्या दवाखान्याच्या बाकावर दोन मुली दिसल्या. आपापल्या आईच्या मांडीवर बसलेल्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या, आणि दोघी अगदी सारखेच हात चोळत होत्या. त्यांनी आणखी मुली शोधल्या, १९६६ साली लिहिलंही, पण जर्मन भाषेत. फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८३ साली स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली, तेव्हा कुठे जगाला कळलं. मधल्या सतरा वर्षांत किती आयांनी ते प्रश्न ऐकले असतील, कोण जाणे.

त्याच १९५४ साली हुदाबाई बैरूतमध्ये जन्मल्या. त्यांना साहित्याची ओढ होती, साहित्यच शिकायचं होतं. आईने समजावलं की डॉक्टर हो, बाईमाणसाला स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. लिहायचं काय, ते फावल्या वेळात करता येईल. (ही आई बैरूतची असली तरी मला आमच्या सांगलीकडचीच वाटली.) १९७५ साली वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं. घरी ये-जा करणं धोक्याचं, म्हणून कॉलेजच्या आवारातच राहून पहिलं वर्ष काढलं. धाकट्या भावाला बॉम्बचा तुकडा लागला, तेव्हा आईवडिलांनी मुलांना अमेरिकेत बहिणीकडे पाठवलं, उन्हाळ्यापुरतं म्हणून. परत जाता आलंच नाही. नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजने त्यांना प्रवेश दिला, तिथेच त्या डॉक्टर झाल्या. बैरूतमधले वर्गमित्र विल्यम झोग्बी हेही पुढे अमेरिकेत आले. त्यांच्याशी लग्न झालं, दोन मुलं झाली.

ह्यूस्टनला बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये त्या लहान मुलांच्या मेंदूविकारांचं शिक्षण घेत होत्या. हागबर्गचा लेख छापून आला त्याच सुमारास त्यांच्यासमोर हात पिळणारी एक मुलगी आली, आणि आठवड्याभरात तशीच दुसरी. मग त्यांनी जुन्या केसपेपरांत शोधाशोध केली, तेव्हा वेगळ्याच नावाच्या आजारांखाली नोंदलेल्या अशा आणखी मुली सापडल्या. आमच्या छोटीला चार वर्षांत दोन चुकीची नावं मिळाली होती, म्हणून हे वाचताना मी थांबले.

एरवी डॉक्टर रोज पेशंट बघतात आणि संध्याकाळी घरी जातात. हुदाबाईंना मात्र नुसतं बघून "काही करता येणार नाही" म्हणणं जमेना. त्या जनुकशास्त्र शिकायला प्रयोगशाळेत गेल्या. पण हा आजार एका घरात सहसा एकाच मुलीला होतो. ना मावशीला, ना बहिणीला. मग तो जनुकातला आहे हे दाखवायचं कसं? असल्या दुर्मीळ गोष्टीमागे वेळ घालवू नये, असं सांगणारे बरेच होते. बाईंचं म्हणणं सरळ होतं: जवळपास सगळ्या मुलीच, आणि सगळ्यांचं चित्र सारखं, म्हणजे मूळ जनुकातच असणार. पोटापाण्याला म्हणा किंवा धीर टिकवायला म्हणा, सोबत दुसरं काम चालू होतंच. हॅरी ऑर यांच्याबरोबर तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं जनुक त्यांनी १९९३ साली शोधलं. रेटचं मात्र हाती लागेना. शेवटी १९९९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतल्या रूथी अमीर यांना ते सापडलं, एक्स गुणसूत्रावरचं एमईसीपी२. पहिली मुलगी बघितल्यापासून सोळा वर्षं.

हे जनुक एक प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन मेंदूच्या पेशींत इतर हजारो जनुकांवर देखरेख करतं, कुणी किती काम करायचं ते. मुलींना एक्स दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू राहतो. म्हणून साधारण निम्म्या पेशी चांगल्या जनुकावर चालतात आणि मुलगी जगते. मुलग्याला एक्स एकच, त्यामुळे त्याच्यात हाच बदल आला तर सहसा फार लहानपणीच गंभीर होतो. आणखी एक गोष्ट हुदाबाईंच्याच प्रयोगशाळेत कळली, की हे प्रथिन जास्त झालं तरी मेंदू आजारी पडतो, आणि तो वेगळा आजार बहुतेक मुलग्यांत दिसतो. आमटीत मीठ नसलं तर गिळवत नाही, दुप्पट पडलं तरी गिळवत नाही, तसं. औषध शोधणाऱ्यांची खरी पंचाईत इथेच आहे. नुसतं "घाला जनुक" म्हणून भागत नाही, चिमटीच्या मापाने घालावं लागतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. बहुतेक मुलींमध्ये हा बदल आईत नसतोच, तो नव्याने झालेला असतो. आणि शास्त्रज्ञांनी कुठून आला हे तपासलं, तेव्हा तो बहुतांश वेळा वडिलांकडून मिळालेल्या एक्सवर निघाला. म्हणजे त्यांच्यातही दोष नाही. शुक्रपेशी तयार होताना अब्जावधी अक्षरांची नक्कल होते, त्यात एखादं अक्षर चुकतं. ते ग्रहणाने चुकत नाही, पपईने चुकत नाही, दिवस राहिलेले असताना सुनेने जड उचललं म्हणूनही नाही. जावेच्या घरी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा दीर गप्प झाले आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडचंच म्हण की." त्यावर जाऊ हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

राहिलं मागच्या जन्मीचं. पाठशाळेत लहानपणी आपण काय शिकलो? ज्याचं कर्म त्याने भोगायचं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मग लेकीच्या हातांचा हिशोब आईच्या नावावर कोणत्या वहीत लिहायचा? माताजींच्या प्रवचनात दरवर्षी ऐकतो, आणि बस्तीच्या पायऱ्या उतरता उतरता विसरतो.

एक गोष्ट मनाला टोचत राहिली, तीही सांगते. २००७ साली एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक बंद ठेवलेल्या उंदरांत ते पुन्हा चालू केलं गेलं. आजार दिसायला लागलेले, मोठे झालेले उंदीरही सुधारले. म्हणजे त्या मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या, थांबलेल्या होत्या. जगभरच्या आईबापांना आशा वाटायला लागली ती या प्रयोगामुळे. पण ते उंदीर मुद्दाम आजारासकट जन्माला घातलेले होते. छोटीसाठी मला आनंद झाला आणि त्या जिवांसाठी वाईटही वाटलं. त्या दिवशी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा ते उंदीर डोळ्यांसमोर होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी विचार केला असेल तर मला ऐकायचं आहे.

२०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली, रेटसाठीचं पहिलंच. दोन वर्षांवरच्या मुलांना देतात. ते आजार मुळातून घालवत नाही, काहींना थोडा फरक पडतो आणि पुष्कळांना जुलाब होतात. जनुकोपचाराच्या चाचण्या मोजक्या मुलींवर चालू झाल्या आहेत. हुदाबाईंना मोठमोठे पुरस्कार मिळाले, २०१६ साली शॉ, २०२० साली ब्रेन प्राइझ, दोन्ही बर्ड यांच्यासोबत.

छोटी आता आठ वर्षांची आहे. चालताना धरावं लागतं, मधूनच श्वास रोखून धरते, घास घशात अडकतो म्हणून मुगाची खिचडी घोटून द्यावी लागते, आणि पाठीचा कणा वाकू नये म्हणून दर सहा महिन्यांनी एक्स-रे. पण या मुली डोळ्यांनी बोलतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. जावेने पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली आहेत, एका बाजूला पाण्याचा पेला, दुसऱ्या बाजूला झोपाळा. विचारायचं आणि थांबायचं, चांगलं अर्धा-अर्धा मिनिट, कारण तिला नजर वळवायला वेळ लागतो. आपल्यालाच तेवढा धीर नसतो. ती बहुतेक वेळा झोपाळ्याकडे बघते.

तुमच्या नात्यात, गल्लीत एखादी मुलगी दीड-दोन वर्षांची होऊन बोललेले शब्द विसरत असेल, हातांचा उपयोग सोडून ते चोळत असेल, तर लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांना रेटबद्दल नाव घेऊन विचारा. तपासणी रक्ताची आहे आणि आपल्याकडे होते. तिच्या आईला विचारायचंच असेल, तर दुपारी तासभर मूल सांभाळायला येऊ का, एवढं विचारा. माझ्या जावेला चार वर्षांत ते दोघींनीच विचारलं.