ओतलेले आटे

रेझिनमध्ये आटे हवेत म्हटलं की नवा पोरगा आधी टॅप शोधतो. एम-६ ला ५ मिमीचं ड्रिल, मग टॅप. लोखंडात हे चालतं. कडक झालेल्या एपॉक्सीत टॅप कापतो कमी, कडा फोडतो जास्त; चार वेळा बोल्ट काढला-घातला की आटे गेलेच. म्हणून भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये जिग बनवताना मी शक्यतो आटे पाडत नाही, ओततो.

भोक बोल्टपेक्षा ऐसपैस, खोली व्यासाच्या किमान दुप्पट. बोल्टला मेणाचा पातळ हात. आट्यांच्या तळाशी मेण साचता कामा नये. भोकाच्या भिंतींना आधी नुसती एपॉक्सी पाजायची, मग सिलिकाची पूड घालून दाट केलेली भरायची. बोल्ट सावकाश फिरवत उतरवला की कोंडलेली हवा वर येते.

मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी लाकडी बोटींवर ही रीत रुजवली. त्यातली मेख साधी आहे. बोल्टचा भार आधी एपॉक्सीच्या जाड नळीवर येतो आणि तिच्या रुंद अंगावरून लाकडात उतरतो. माल जितका मऊ, तितकी भाराला पसरायला जास्त जागा द्यायची.

रोज उघडायच्या जोडाला मात्र पितळी इन्सर्टच. त्याच्या अंगावर नर्लिंग हवं, मधे खाच हवी आणि तेलाचा मागमूस नको. वर बसणाऱ्या पट्टीचं भोक इन्सर्टहून लहान ठेवायचं. ते मोठं झालं तर बोल्ट आवळताना इन्सर्टच वर ओढला जातो, अन् दोष चिकटवणाऱ्यावर येतो.

मेण लावूनही बोल्ट अडकला तर डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवावं. खोलीच्या तापमानाला पक्की झालेली बरीच एपॉक्सी ६० अंशांच्या आसपास ढिली पडते. त्यामुळेच गरम यंत्राजवळ असा जोड मी देत नाही. तिथे बोल्ट आरपार नेऊन मागे नट लावतो.

थंड जागीही रेझिन ताणाखाली हळूहळू दबतं. आज करकचून आवळलेला बोल्ट उद्या थोडा सैल लागतो. पाना जास्त दाबून हे सुटत नाही. खाली रुंद वॉशर घालावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळून बघावं, आणि तरीही सैल पडत असेल तर भोक मोठं करून नव्याने ओतावं.