फेणे रांजणात मावला असता

भा. रा. भागवतांनी आपल्या साहसकथांत फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला प्रतापगडावर नेलं, गुलमर्गला नेलं, चक्रीवादळात सोडलं. आमच्या जुन्नर-आंबेगावाकडे तो फिरकल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि ही माझी शाळेपासूनची तक्रार आहे.

तेव्हा शाळेत पुस्तकांचं एकच कपाट. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गुरुजी फास्टर फेणे वाचून दाखवायचे. फेणे नेमका कैचीत सापडला की पुस्तक मिटायचं. ‘पुढचं कपाटात आहे,’ म्हणत गुरुजी किल्ली खिशात टाकायचे. एवढी पक्की जाहिरात आजच्या प्रकाशकांनाही जमत नाही. पुस्तकासाठी नंबर लागायचे. हाती पडे तेव्हा शिवण उसवलेली, शेवटची पानं गायब. मग शेवट वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी ऐकायचा. तो आपल्या मनाचाच सांगायचा, आणि कधी कधी तोच बरा असायचा! साहसकथा म्हणजे मुलग्यांचं वाचन असं सगळे धरून चालत. वर्गातल्या मुली मात्र तीच पुस्तकं आमच्याआधी संपवायच्या.

नारायणगावच्या एसटी स्टँडवर बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड मिळायचे. ते दप्तरात लपवून न्यायचे. भागवत मात्र उघडपणे वाचायला परवानगी. स्वतः ‘बालमित्र’ मासिक चालवणारा, ज्यूल व्हर्न मराठीत आणणारा हा लेखक घरच्यांना चालायचा.

सहल नाणेघाटात गेली, तेव्हा जकातीचा म्हणतात त्या दगडी रांजणापाशी आमचा वाद जुंपला, फेणे यात लपू शकेल का? काडीपहिलवानच तो, मावला असता. सातवाहनांच्या शिलालेखाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

१९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला आणि ज्यांनी पुस्तक शिवलंही नव्हतं, तेही फेणेसारखं ‘ट्टॉक्’ करू लागले. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला, तर दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत. लेखकच गोष्टीतलं पात्र झाला, हे मला फार आवडलं.

आता ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३पासून पुस्तक महोत्सव भरतो. लेखक रील करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेतात. पुस्तक मिळत नाही अशी ओरड करायला जागा उरलेली नाही. पण पुढचं प्रकरण रोखून धरणारा माणूस त्या व्यवस्थेत कुठे बसवायचा, ते मला कळत नाही.

आणि आमच्या भागातली नवी साहसकथा लिहायची तरी कशावर? आम्हाला बिबट्या म्हणजे साहसाची गोष्ट होती. आता तो उसात राहतो, अंगणापर्यंत येतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यातले बिबटे आहेत आणि रात्री मोटार चालू करायला शेतावर जाताना बापाच्या हातात काठी असते. ज्या गावात मूल दगावलंय, तिथे बारा वर्षांच्या नायकाने बिबट्याला चकवल्याची गंमत मी तरी लिहिणार नाही.

बिबट्या सोडला तरी चावंड किल्ल्यावरची सप्तमातृका टाकी आहेत, जीवधन किल्ल्याचा वानरलिंगी सुळका आहे, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं आंबेगाव आहे. त्यावर लिहा की कुणीतरी! फक्त पहिल्याच पानावर नायकाच्या मोबाइलची बॅटरी उतरवा, नाहीतर तो दुसऱ्या पानावर काकाला लोकेशन पाठवून मोकळा होईल.