जामीनदार

मामीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात बिअरचा ग्लास होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना ते लपवायचा मोह होईल.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. बाणेरला मित्राच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण बसलो होतो. रात्रीचे दहा वाजायला आले होते. मामी कधी स्वतःहून फोन करत नाही, म्हणून मी बाल्कनीत गेलो.

"आरं, तुझ्या मामाला पोलिसांनी नेलंय. ष्टँडवर पिऊन दंगा करत हुते म्हणं. आता पोलिसाचाच फोन आलता." मग थोडं थांबून, "आक्काला सांगू नको."

आक्का म्हणजे माझी आई.

फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवर आधीचा मिस्ड कॉल दिसला. मामा, ७:४०. तो वाजताना मी पाहिला होता आणि फोन टेबलावर पालथा घातला होता. गेली दोन वर्षं मामाचा संध्याकाळचा फोन म्हणजे काय, हे मला पाठ होतं. "काय चाललंय हिरो?" पासून सुरुवात आणि "दोनशे टाक की" वर शेवट. सुरुवातीला मी टाकायचो. मग कारणं द्यायला लागलो. मग फोन पालथा घालायला लागलो.

मला चालवायची नव्हती म्हणून ग्रुपमधला एकमेव न पिणारा मित्र गाडी काढायला तयार झाला. पुणे ते टेंभुर्णी, तिथून आत वळायचं. तीन तासांचा रस्ता. मी दोन वेळा तोंड धुतलं, मूठभर बडीशेप खिशात घातली.

हडपसर सुटेपर्यंत मी तीन फोन केले. तिसरा फोन गावाकडच्या एका माणसाला. त्याची सगळीकडे ओळख आहे असं सगळे म्हणतात. तो म्हणाला, "काळजी करू नको. साहेबांशी बोलतो. पाच हजार टाक, सकाळपर्यंत घरी असतील." मी सरडेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत असताना त्याला पाच हजार पाठवले. ज्या माणसाला मी दोनशे रुपये नाकारत होतो त्याच्यासाठी पाच हजार द्यायला मला पाच सेकंद लागले.

पैसे गेल्यावर मी कायदा वाचायला घेतला. इंजिनिअर माणसाची सवय, आधी डिप्लॉय, मग डॉक्युमेंटेशन.

आपल्या राज्यात दारूबंदी कायदा आहे हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. १९४९ चा कायदा, तेव्हा नाव मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र. त्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. मी पुण्यात सहा वर्षं पितोय. ऑफिसच्या पार्ट्यांत, रूफटॉपवर, मित्रांच्या फ्लॅटवर. परवाना कुणी मागितला नाही. मीही कधी काढला नाही. सार्वजनिक ठिकाणी पिऊन धिंगाणा घातला तर कलम ८५. मामाला तेच लावलं होतं. मी मात्र एकदा बालेवाडीत फुटपाथवर बसून ओकलोय, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या दिल्यात. तेव्हा कुणीतरी माझ्या फोनवरून कॅब बोलावली आणि मला मागच्या सीटवर टाकलं. सोमवारी ऑफिसात त्याचा जोक झाला. मामाच्या एसटी स्टँडवर कॅब येत नाही.

मामाबद्दल सांगायला हवं.

२०१४ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी, होस्टेल, मेस धरून पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. चार लाखांपर्यंत आईवडील सहकर्जदार असले की भागतं. त्याच्या वर गेलं की बँक तिसऱ्या माणसाची हमी मागते. वडिलांची तीन एकर कोरडवाहू. भावकीत ज्यांना पगार होता, त्यांना अचानक कामं निघाली. मामा साखर कारखान्यात शेतकी ऑफिसात क्लार्क होता. तो पगाराची स्लिप खिशात घालून सकाळी पहिल्या गाडीने आला.

मॅनेजरने त्याला समजावून सांगितलं, "हप्ते थकले तर तुमच्याकडून वसुली होते, विचार करा." मामा म्हणाला, "भाच्याला जामीन राहायला विचार कसला करायचा साहेब?" आणि सही केली. मामाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. उसाच्या नोंदींची त्याची रजिस्टरं बघायला शेतकी अधिकारी माणसं आणायचे म्हणे. सहीत पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराखालून मागे नेलेली रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. वडिलांची सही कशीबशी तीन अक्षरांची. त्या फॉर्मवर मला दोन्ही शेजारी शेजारी आठवतात.

कर्ज मी २०२२ मध्ये फेडलं. मामाला एक हप्तासुद्धा भरावा लागला नाही. तोवर त्याच्या कारखान्याचे पगार थकायला लागले होते. मग गाळप बंद झालं. मग गेटला कुलूप लागलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी छापल्यासारखं अक्षर घेऊन माणूस कुठे नोकरी मागणार? आधी तो संध्याकाळी प्यायचा. मग दुपारी. ही गोष्ट इतक्या घरांत झालीय की मी ती लांबवत नाही.

पोलीस ठाण्यात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पन्नाशीचे हवालदार बसले होते, मफलर गुंडाळून. मी तोंड जरा बाजूला धरून ओळख सांगितली आणि गाडीत पाठ केलेलं म्हणून टाकलं. गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७८. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जामीनपात्रच आहे. तुम्हाला काय वाटलं, फाशी देणार होतो?"

"मग आत का ठेवलंय?"

"आठ वाजताच सोडला असता. गेला असता कुठे? बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात रात्रभर. एखादीखाली आला असता तर तुम्हीच येऊन विचारलं असतं, पोलिसांनी का सोडला म्हणून. आणि कागदावर सही घ्यायची तर माणूस शुद्धीत नको का?"

माझ्याकडे यावर कलम नव्हतं.

त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. स्टँडवर मामा कंडक्टरशी भांडत होता, गाडीत चढू देईना म्हणून. शिवीगाळ झाली, कंट्रोलरने फोन केला. ग्रामीण रुग्णालयात नेऊन मेडिकल केलं, रक्ताचा नमुना घेतला. खिशात सापडलेल्या वस्तूंची यादी केली. साधा फोन, सत्तर रुपये, तंबाखूची पुडी, एक पेन.

"गाडी कुठली होती?" मी विचारलं.

"ते नाही विचारलं," ते म्हणाले. "जामीनदार कोण?"

"मी."

"पुण्याचे का? स्थानिक असता तर बरं." मी आधार कार्ड काढलं. पत्ता अजून गावचाच होता. सहा वर्षं आळसाने बदलला नव्हता, तो आळस कामी आला. पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर मागितली आणि तिथल्याच प्रिंटरवर काढली. स्लिपवरचा आकडा बघून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत कोठडीकडे. बोलले काही नाहीत.

"दहा हजाराचा जामीन," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"रोख की ऑनलाइन?"

ते पहिल्यांदा हसले. "भरायचे नसतात हो. आरोपी तारखेला आला नाही, तर तुमच्याकडून वसूल करायचे. तुम्ही फक्त जामीन राहायचं."

मी अठ्ठावीस वर्षांचा, शिकलेला माणूस, मला हे माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात जामीन म्हणजे सिनेमातला वकील आणि नोटांचं पाकीट. मग मी त्या ओळखीच्या माणसाबद्दल विचारलं. इथे कुणी आलं नाही, कुणाचा फोनही नाही, असं कळलं. "किती दिले?" हवालदारांनी विचारलं. मी आकडा सांगितला. "जाऊ द्या," ते म्हणाले. तो माणूस आता माझा फोन उचलत नाही.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी तुम्ही चालवत आलात का?"

"नाही, मित्र."

"बरं केलंत." आणि पुन्हा लिहायला लागले. बडीशेपेचा उपयोग झाला नव्हता.

मामा भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर झोपला होता. पायात चपला नव्हत्या. टाचांना भेगा. मी गजांबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. मित्र गाडीत झोपला. मध्ये एकदा मामीला फोन करून सांगितलं की मामा बरा आहे. तेव्हा ती रडली.

पाचच्या सुमाराला मामा उठला. मला बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. हवालदारांनी त्याला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, चहा दिला. मामाने कप उचलला तसा चहा हिंदकळून बोटांवर सांडला. त्याने कप खाली ठेवून दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. रोज पिणाऱ्या माणसाचं शरीर सहा-आठ तासांत दारू मागायला लागतं हे मी नंतर वाचलं. हात थरथरतात, घाम सुटतो, कुणाला फिटही येते. म्हणून अशा माणसाने अचानक बंद करायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली करावी लागते. तेव्हा मला वाटलं, त्याला थंडी वाजतेय. मी माझं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं.

कागद पुढे आले. जामीनदाराचा वेगळा, त्याचा वेगळा. माझ्या कागदावर एक रकाना होता, आरोपीशी नाते. मी 'भाचा' लिहिलं. मामाने पेन धरलं, टेकवलं, आणि निब कागदावर भलतीकडेच गेली. त्याने पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

हवालदारांनी स्टॅम्प पॅड पुढे सरकवलं. "राहू द्या, अंगठा लावा."

"अंगठा नको," मामा म्हणाला. त्या रात्रीतलं त्याचं पहिलं वाक्य. "अंगठा नको साहेब. जरा थांबा."

हवालदार थांबले. त्यांची ड्युटी संपायला आली होती, बदलीचा माणूस येऊन उभा होता, तरी ते थांबले. मामाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि एकेक अक्षर काढायला लागला. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघत राहिलो. पूर्ण नाव. मग रेघ. ती सरळ आली नाही. मग दोन टिंबं.

बाहेर उजाडत होतं. उसाची एक ट्रॉली गेली, मागून दुसरी. मामा ट्रॉल्यांकडे बघत उभा राहिला. शेतकी ऑफिसात होता तेव्हा लांबून ट्रॉली बघून तो किती टन भरेल ते सांगायचा.

"तुला फोन केलता काल," तो म्हणाला.

"मीटिंगमध्ये होतो मामा."

"शनिवारी?"

मी काही बोललो नाही. त्याने मान हलवली, जणू मी खरं उत्तर दिलं होतं, आणि जॅकेटची चेन लावायचा प्रयत्न केला. ती मी लावून दिली. कोणत्या गाडीत चढायचं होतं, फोन कशासाठी केला होता, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. दोनशेच मागायचे असतील. बहुतेक.

पाच महिन्यांनी कोर्टाची तारीख लागली. मी सुट्टी टाकून त्याला घेऊन गेलो. न आणून सांगतो कोणाला, मी जामीन होतो. मामाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. गुन्हा कबूल केला, दंड भरला, दहा मिनिटांत बाहेर. माझी जबाबदारी कागदोपत्री तिथे संपली. येताना मी पुण्यातल्या मुक्तांगणचा विषय काढला. अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र आहे, मी चौकशी केलीय, मी सोबत येईन, असं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू. उन्हाळा जाऊ दे." उन्हाळा गेला. त्यानंतर आम्ही दोनदा तारीख ठरवली. एकदा तो आला नाही, एकदा मला रिलीज होतं.

त्या रात्रीच्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी हमी दिली होती की हा माणूस बोलावल्यावर हजर राहील. तो पिणार नाही, असं त्यात कुठे नव्हतं. तेवढीच हमी एक माणूस दुसऱ्याची देऊ शकत असेल. बँकेच्या फॉर्मवरही मी पास होईन, नोकरी लागेल, असं मामाने लिहून दिलं नव्हतं. मी कमी पडलो तर माझ्या नावापुढे त्याचं नाव असेल, एवढंच त्याने लिहून दिलं होतं.

आता मामाचा फोन मी उचलतो. कधी पैसे टाकतो, बऱ्याचदा नाही म्हणतो. नाही म्हटल्यावर तो चिडत नाही. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलतो आणि "ठेवतो हिरो" म्हणून ठेवतो. हे मला आधी माहीत नव्हतं, कारण नाही म्हणण्याऐवजी मी फोन पालथा घालत होतो.